साठ प्रती आणि न संपणारे संदर्भ

मेंदूवरचा एखादा ताजा शोधनिबंध उघडा. स्मृती कशी साठते, अल्झायमरमध्ये आधी काय ढासळतं, अर्भकाचा मेंदू कसा घडत जातो, विषय कुठलाही चालेल. थेट शेवटच्या पानांवर जा, जिथे बारीक टाइपात संदर्भांची यादी असते. बहुतेक नोंदी गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या असतात, कारण या क्षेत्रात कालचं काम आज मागे पडतं. आणि त्या गर्दीत अवचित एखादं साल डोळ्यांत भरतं : १८८८. नाहीतर १८९१, नाहीतर १९११. बाजूला नाव असतं सांतियागो रामोन इ काहाल.

१८८८ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागायचा होता. ‘न्यूरॉन’ हा शब्द जन्माला आला नव्हता. ज्या माणसानं तो निबंध लिहिला, तो १९३४ मध्ये गेला. तरीही आज दरवर्षी शेकडो नवे निबंध त्याच्या कामाचा हवाला देतात. थोरामोठ्यांना नमस्कार करून कामाला लागायची रीत विज्ञानातही आहे, त्यातले काही हवाले तसे असतील. पण उरलेले हवाले खरोखर कामाचे आहेत. त्यानं पाहिलेली गोष्ट अजून पूर्ण उलगडलेली नाही आणि आजचा संशोधक तिथूनच पुढे निघतो. सव्वाशे वर्षांहून जुन्या कामात एवढा जीव राहतो कसा आणि तो मोजायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे.

काहाल स्पेनमधल्या अरागोन भागातल्या एका डॉक्टराचा मुलगा, जन्म १८५२ चा. त्याला चित्रकार व्हायचं होतं. वडिलांना ते पसंत नव्हतं. पोरगं वठणीवर यावं म्हणून त्यांनी त्याला आधी न्हाव्याच्या, मग चांभाराच्या हाताखाली ठेवलं. शेवटी शरीररचना शिकवण्याचा मार्ग सापडला, तो हाडांची चित्रं काढता काढता. मुलगा डॉक्टर झाला, सैन्यातला वैद्य म्हणून क्यूबाला गेला, तिथून मलेरिया घेऊन परतला, साठवलेल्या पैशातून सूक्ष्मदर्शक घेतला आणि प्राध्यापक झाला. १८८५ च्या पटकीच्या साथीत त्यानं केलेल्या कामाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारनं त्याला झाइसचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. १८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमार्रो नावाच्या डॉक्टरानं त्याला घरी काही काचपट्ट्या दाखवल्या. तिथून पुढे काहालचं आयुष्य बदललं.

त्या काचपट्ट्यांत विशेष काय होतं, हे कळायला आधीची अडचण समजून घ्यावी लागेल. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि प्रत्येकीला धाग्यांसारख्या असंख्य शाखा फुटलेल्या असतात. मेंदूचा पातळ काप तसाच सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काहीच समजत नाही. नेहमीचा रंग घातला तर सगळंच रंगतं आणि तरीही काही समजत नाही. घनदाट राईत उभं राहून वर बघावं, तर कुठली फांदी कुठल्या झाडाची हे सांगता येत नाही, तशातली गत. इटालियन डॉक्टर कामिल्लो गोल्जी यानं १८७३ मध्ये या राईतलं एकेक झाड वेगळं दाखवण्याची युक्ती शोधली. मिलानजवळच्या एका दीर्घ आजाऱ्यांच्या रुग्णालयात तो नोकरीला होता आणि तिथल्या स्वयंपाकघरात त्यानं आपली छोटी प्रयोगशाळा थाटली होती. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात काही दिवस कडक होऊ द्यायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. काही मोजक्या पेशींत काळा साका भरतो आणि त्या पेशी मुळापासून शेंड्यापर्यंत काळ्या होतात. बाकीच्या पेशी पारदर्शक पिवळट राहतात. शंभरातल्या जेमतेम काहीच पेशी का रंगतात, याचं समाधानकारक उत्तर आजही कुणी देऊ शकलेलं नाही. पण ही पद्धत उपयोगी पडते ती नेमकी त्या कृपणपणामुळे. सगळ्या रंगल्या असत्या, तर पुन्हा काळाकुट्ट चौकोनच हाती लागला असता.

ही पद्धत चौदा वर्षं उपलब्ध होती. लहरी म्हणून बहुतेकांनी ती सोडून दिली होती. काहालनं ती हातात धरली आणि तिच्यात दोन फरक केले. एक म्हणजे, तुकडा चांदीच्या द्रावणातून काढून पुन्हा एकदा सगळी प्रक्रिया करायची, म्हणजे रंग खोलवर मुरतो. दुसरा फरक खरा बुद्धीचा. प्रौढ प्राण्यांच्या चेतातंतूंवर मायेलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं आणि रंग त्याच्या आत शिरत नाही. मग प्रौढ मेंदू घ्यायचाच कशाला? हे आवरण चढण्याआधीचा मेंदू घ्यावा : पक्ष्यांची पिल्लं, अंड्यातले गर्भ, नुकतेच जन्मलेले प्राणी. राई वाढायच्या आधी रोपं बघावीत, एवढा साधा विचार.

मग त्याला जे दिसलं, त्यानं त्या वेळचं शास्त्र उलटंपालटं केलं. मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या तंतूंचं सलग जाळं आहे, असं जर्मन शास्त्रज्ञ योझेफ फॉन गेरलाख यांच्यापासून गोल्जीपर्यंत बहुतेकांचं मत होतं. काहालनं पक्ष्याच्या अनुमस्तिष्काचे, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूचे काप तपासले. तिथे पुर्किंये पेशी नावाच्या मोठ्या, पंख्यासारख्या शाखांच्या पेशी असतात. दुसऱ्या एका प्रकारच्या पेशीचा तंतू त्यांच्या घुमटाकार अंगाभोवती टोपलीसारखा गुंडाळला जाई आणि तिथेच संपे. पुढे जात नसे, आत मिसळत नसे. तो फक्त चिकटून थांबत असे. दुसरीकडे पुर्किंये पेशीच्या अंगावर चढत गेलेले तंतूही असेच तिच्या शाखांना बिलगून संपत. काहालनं निष्कर्ष काढला की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे आणि त्या एकमेकींना फक्त स्पर्श करतात. त्याच कापांत त्यानं आणखी एक गोष्ट टिपली. पुर्किंये पेशीच्या शाखांवर बारीक काटे दिसत होते. त्यानं त्यांना सरळ ‘काटे’ असंच नाव दिलं.

आता हा शोध जगापुढे न्यायचा कसा? तेव्हा विज्ञानाच्या भाषा जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी होत्या. स्पॅनिश कुणी वाचत नसे. काहालला बार्सिलोनाच्या विद्यापीठात नवी नोकरी लागली होती, पगार बेताचा, घरात मुलं वाढती. तरी त्यानं स्वतःचं नियतकालिक काढलं. मे १८८८ मध्ये त्याचा पहिला अंक निघाला, त्यातला बहुतेक मजकूर त्याचाच, चित्रंही त्याचीच. छापल्या ६० प्रती. त्या त्यानं बहुतांशी परदेशातल्या शास्त्रज्ञांना स्वखर्चानं टपालानं पाठवल्या. या खर्चापायी घरात मोलकरीण ठेवता आली नाही आणि पत्नीनं तक्रार न करता ते निभावलं, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात कृतज्ञतेनं नोंदवलं आहे. बुद्धिबळाचं वेड होतं, तेही त्यानं याच काळात सोडलं.

प्रती गेल्या आणि शांतता पसरली. ज्यांना मिळाल्या त्यांना त्या वाचता येत नव्हत्या, आणि ज्यांना अंदाज आला त्यांना विश्वास बसत नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर शोध प्रकाशित झाला होता आणि त्याचा प्रभाव शून्य होता.

१८८९ च्या ऑक्टोबरात जर्मन शरीररचनाशास्त्र संस्थेची बैठक बर्लिनला भरली. काहाल पदरमोड करून गेला. सोबत काचपट्ट्या घेतल्या होत्या. जर्मन येत नव्हतं, फ्रेंच मोडकंतोडकं. बैठकीत इतर लोक भाषणं करत होते, आणि काहालनं मेजावर सूक्ष्मदर्शक मांडून एकेकाला बोलवायला सुरुवात केली. त्यांतला एक होता व्युर्त्सबुर्गचा अल्बर्ट फॉन कोलिकर, युरोपातला ज्येष्ठ ऊतिशास्त्रज्ञ, वय बहात्तर. कोलिकरनं भिंगाला डोळा लावला. आयुष्यभर तो सलग जाळ्याच्या मताकडे झुकलेला होता. काचपट्ट्या बघून झाल्यावर तो काहालला आपल्या गाडीतून हॉटेलवर घेऊन गेला, जेवायला बसवलं, इतरांशी ओळखी करून दिल्या. परतल्यावर त्यानं ते प्रयोग स्वतः करून पाहिले, ते खरे ठरले, तसं त्यानं छापून सांगितलं, आणि काहालचे निबंध वाचता यावेत म्हणून तो स्पॅनिश शिकला. बहात्तराव्या वर्षी स्वतःचं मत बदलणारा आणि त्यासाठी नवी भाषा शिकणारा माणूस मला काहालइतकाच विलक्षण वाटतो.

त्यानंतर सगळं भराभर घडलं. १८९१ मध्ये बर्लिनच्या विल्हेल्म वाल्डायर यानं एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात आढावा घेतला, स्वतंत्र चेतापेशीची कल्पना एकत्र मांडली आणि तिला ‘न्यूरॉन’ हे नाव दिलं. वाल्डायरनं स्वतः या विषयावर नवा प्रयोग केला नव्हता, पण पुढे अनेक वर्षं या सिद्धांताला त्याचं नाव जोडलं जाई आणि काहालला ते खटकत राहिलं. संदर्भांच्या दुनियेत हे आजही चालतं. मूळ शोधापेक्षा त्याचा सुबक आढावा जास्त वाचला जातो आणि हवाला त्यालाच मिळतो. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं काहालला क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावलं. १९०६ चं नोबेल त्याला आणि गोल्जीला विभागून मिळालं. गोल्जीनं नोबेलच्या व्याख्यानातही सलग जाळ्याचंच मत मांडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावरून काहालनं स्वतंत्र पेशींचं मत मांडलं. दोघांनी वापरलेली पद्धत एकच होती.

आता मोजण्याकडे येऊ.

कुठल्याही निबंधाच्या शेवटी असलेली संदर्भयादी भूतकाळाकडे बघते : हे लिहिताना मी यांचं यांचं काम वापरलं. तीच यादी उलटी फिरवली तर? म्हणजे १८८८ चा निबंध हातात घेऊन विचारलं की यानंतर जगात कुणाकुणाला याचा उपयोग झाला? वकिलांकडे अशी सोय १८७३ पासून होती. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यानं जुना न्यायनिवाडा नंतरच्या कुठल्या खटल्यांत उद्धृत झाला, तो ग्राह्य धरला की फेटाळला, याची सूची काढायला सुरुवात केली होती. यूजीन गारफील्ड या तरुणानं १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलं की विज्ञानालाही अशी सूची हवी. पुढे फिलाडेल्फियात त्यानं संस्था काढली आणि १९६३ मध्ये १९६१ सालाची सूची प्रसिद्ध केली. ६१३ नियतकालिकांतून जमवलेले सुमारे १४ लाख हवाले त्यात होते. पहिल्यांदाच एखाद्या कल्पनेचा पुढचा प्रवास कागदावर दिसू लागला. एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, एका देशातून दुसऱ्या देशात, कधी मूळ लेखकाच्या स्वप्नातही नसलेल्या विषयात. संशोधक ज्याला सायटेशन म्हणतात, ते हेच.

आकडा हाती आला की माणसं त्याची क्रमवारी लावणारच. २००५ मध्ये सॅन डिएगोचा भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यानं एच-इंडेक्स सुचवला. हिशेब सोपा आहे. एखाद्याच्या निबंधांपैकी ४० निबंधांना प्रत्येकी किमान ४० हवाले मिळाले असतील, आणि ४१ निबंधांना प्रत्येकी ४१ मिळालेले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स ४०. भरपूर लिहून कुणी वाचलं नाही, तर आकडा वाढत नाही. एकच निबंध लिहून त्याला दहा हजार हवाले मिळाले, तरी आकडा १ च राहतो. हा आकडा कधी खाली येत नाही आणि माणूस गेल्यावरही चढू शकतो. काहालचा अजून चढू शकतो.

पण काहालचा आकडा काढायला बसा, म्हणजे यंत्राची त्रेधा कळते. स्पॅनिश रीतीप्रमाणे त्याच्या नावात रामोन हे वडिलांचं आडनाव, काहाल हे आईचं, आणि मधला ‘इ’ म्हणजे ‘आणि’. सूची करणाऱ्यांनी कुठे त्याला रामोन इ काहाल लिहिलं, कुठे नुसता काहाल, कुठे ‘इ काहाल’. एकाच माणसाची अनेक माणसं होऊन हवाले विखुरले. त्याचा मुख्य ग्रंथ स्पॅनिशमध्ये १८९९ ते १९०४ या काळात निघाला, पण जगानं वाचला तो लेओं आझुले यांनी केलेला १९०९ ते १९११ चा फ्रेंच अनुवाद. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९५ मध्ये आलं. त्यामुळे एकाच निरीक्षणासाठी तीन वेगवेगळी सालं उद्धृत होतात. आणि ज्या ६० प्रतींपासून हे सगळं सुरू झालं, ते नियतकालिक गारफील्डच्या यादीत कधीच नव्हतं.

आकड्यात न येणारं त्याहून कितीतरी मोठं आहे. ‘चेतापेशी स्वतंत्र असतात’ हे वाक्य आज शाळेच्या पुस्तकात आहे आणि त्यापुढे कुणी काहालचं नाव टाकत नाही. टाकायची गरजच उरली नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमकं हेरलं होतं : एखादी कल्पना इतकी सर्वांची होऊन जाते की तिचा धनी कोण, हेच कुणी विचारत नाही. चेतापेशीत संदेश शाखांकडून पेशीच्या अंगाकडे आणि तिथून लांब तंतूकडे, एकाच दिशेनं वाहतो, हा नियम त्यानं १८९१ मध्ये मांडला आणि चित्रांत छोटे बाण काढून दाखवला. वैद्यकाच्या पुस्तकांत ते बाण आजही तसेच आहेत, हवाल्याविना. हवाले मोजणाऱ्याला सर्वांत यशस्वी काम कधी कधी दिसतच नाही, असं मी म्हणतो ते याच कारणानं.

याच्या उलट, काही कामं जागी व्हायला फार वेळ घेतात. ते काटे आठवा. गोल्जीसह अनेकांना ते चांदीचे चुकार कण वाटले. काहालनं १८९६ मध्ये मिथिलीन ब्लू या अगदी वेगळ्या रंगानं तेच काटे पुन्हा दाखवले, तरी शंका राहिली. १९५९ मध्ये ई. जी. ग्रे यानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दाखवलं की दोन पेशींचे सांधे नेमके त्या काट्यांवर बसतात. २००२ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत हे काटे उगवताना आणि मावळताना दिसले. आज शिकणं आणि आठवण यांचा अभ्यास या काट्यांना वगळून होत नाही. १८८८ मधला तो एक तपशील सत्तर वर्षांनी पक्का झाला आणि त्यानंतर त्याचे हवाले वाढतच गेले.

आतड्यातली गोष्ट तर आणखी नवलाची. काहालनं आतड्याच्या भिंतीत काही फांद्याळ पेशी पाहिल्या आणि त्या साध्या प्रकारच्या चेतापेशी असाव्यात असं लिहिलं. ते चूक होतं. पण पेशी खऱ्या होत्या. जवळपास शंभर वर्षं त्या नेमक्या कशासाठी आहेत यावर वाद चालला. १९९० च्या दशकात कळलं की आतड्याच्या आकुंचनाची लय त्याच ठरवतात, आणि जठर-आतड्यांत होणारी जीआयएसटी ही गाठ त्यांच्यापासून किंवा त्यांच्या पूर्वजपेशींपासून निघते. त्यांचं नाव आजही ‘काहालच्या पेशी’ असंच आहे. म्हणजे निष्कर्ष चुकला आणि निरीक्षण टिकलं. त्याला मिळणाऱ्या हवाल्यांत हेही येतात. हवाला म्हणजे ‘हा माणूस बरोबर होता’ असा शिक्का नव्हे, हे लक्षात घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्याचा अर्थ एवढाच की यानं दाखवलेली जागा पुढच्याला खणण्याजोगी वाटली.

काहालच्या चित्रांची संख्या सुमारे २,९०० आहे. कलावंत होण्याची इच्छा अशी पुरी झाली. बरीचशी चित्रं त्यानं काचपट्टी पुन्हा पुन्हा बघून, मग आठवणीतून काढली. एका चित्रात अनेक कापांतलं सार असे. आजच्या छायाचित्रांशी ती ताडून बघितली तर बहुतेक ठिकाणी रेघ जागच्या जागी आहे. २०१७ मध्ये युनेस्कोनं त्याच्या संग्रहाला ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’मध्ये स्थान दिलं. त्यातलं कबुतराच्या पुर्किंये पेशींचं १८९९ चं चित्र एकदा शोधून जरूर बघा. मोठं करून बघा, काट्यांपर्यंत.

संशोधकांच्या नेमणुका, बढत्या आणि अनुदानं यांत आकड्यांचं प्रस्थ वाढलं, तेव्हा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही वैज्ञानिकांनी आणि संपादकांनी एक जाहीरनामा काढला. काम कुठल्या नियतकालिकात छापलं त्यावरून माणूस जोखू नका, काम स्वतः काय आहे ते बघा, असा त्याचा आशय. जगभरातल्या हजारो संस्थांनी त्याला मान्यता दिली. आपल्याकडेही विद्यापीठांत शोधनिबंध मोजले जातात, आणि मोजणीचा काही उपयोग आहे हे मी नाकारत नाही. हवाल्यांच्या सूचीतून एखाद्या कल्पनेचा प्रवास दिसतो, तसा दुसऱ्या कशातून दिसत नाही. पण १८८९ च्या सप्टेंबरात कुणी काहालची पात्रता आकड्यावर ठरवली असती, तर त्याला दारातूनच परत पाठवावं लागलं असतं. निवड समितीत बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की समोरच्या अर्जदाराचा एक निबंध, फक्त एक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, आणि त्याचा हवाल्यांचा आकडा त्यानंतर बघा.